सर, याचे पाय कुठे गेले?

अंबाजोगाईहून एमएस्सी प्राणिशास्त्राच्या एका मुलीने फोटो पाठवून विचारलं आहे: "सर, आमची सहल रत्नागिरीला गेली होती. ओहोटीच्या वेळी दगडाखाली एक बारका ब्रिटल स्टार (तारामाशाचा बारीक हातांचा भाऊबंद) मिळाला. मधल्या चकतीचा एक कोपरा फुगलेला वाटला म्हणून लॅबमध्ये आल्यावर सुईने उघडून पाहिला. आत राजगिऱ्याच्या दाण्याएवढी फिकट गुलाबी गाठ निघाली, तिला दोन पांढरट पुंजके चिकटलेले आहेत. मैत्रीण म्हणते ती ब्रिटल स्टारचीच अंडी असतील. लॅब असिस्टंट म्हणतात जंत आहे. ब्रिटल स्टारच्या आत परजीवी क्रस्टेशियन (खेकडा-कोळंबीच्या गटातले जीव) राहतात असं वाचलं, पण क्रस्टेशियन असेल तर याचे पाय कुठे आहेत?"

बेटा, आधी शाबासकी घे. चकतीचा एकच कोपरा फुगलाय हे तुला दिसलं. बाकीच्या पोरापोरींनी तोच जीव बरणीत टाकून वर झाकण लावलं असतं. मी स्वतः हेच केलेलं आहे, ते पुढे सांगतो.

मी समुद्राचा माणूस नाही. मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्रवाल्याला समुद्र वर्षातून एकदा, सहलीच्या बसमधून उतरल्यावर भेटतो. माझी चाळीस वर्षं गोदावरीतल्या माशांची आतडी आणि कल्ले उसवण्यात गेली. पण पाय हरवलेले क्रस्टेशियन मी शेकड्यांनी हाताळलेत, आणि त्यांची चाल गोड्या पाण्यात काय नि खाऱ्या पाण्यात काय, बरीचशी सारखीच असते. फोटोवरून मी तुला जातीचं नाव सांगणार नाही. कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वासही ठेवू नकोस. मात्र गाठ जिथे सापडली ती जागाच अर्धं उत्तर देते.

ब्रिटल स्टार उलटा ठेव. मध्ये पाच जबड्यांचं तोंड दिसेल. त्याला गुदद्वार नसतं, खाल्लेल्याचं उरलंसुरलं तोंडातूनच बाहेर येतं. आता प्रत्येक हाताच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बघ, एकेक बारीक फट दिसेल. बहुतेक जातींत अशा दहा फटी असतात आणि प्रत्येक फट आत एका पातळ पिशवीत उघडते. हा बर्सा. पिशवीत समुद्राचं पाणी आत-बाहेर होत राहतं, श्वास त्यावर चालतो. जननग्रंथी या पिशवीच्या भिंतीला आतून, म्हणजे शरीराच्या पोकळीच्या बाजूने चिकटलेल्या असतात, आणि अंडी किंवा शुक्राणू पिशवीतूनच बाहेर पडतात. थोडक्यात काय, चिलखत घातलेल्या या प्राण्याला दहा खोल्या आहेत. दारं कायम किलकिली, आत ताजं पाणी, भिंतीपलीकडे सकस खाद्य. परजीवीने आणखी काय मागावं? तू विचारशील, तो आत शिरला कसा? कवच फोडायची त्याला गरजच नाही, तो दाराने येतो. आणि तुझी गाठ बर्सात होती की जठरात, हे तू लिहिलेलं नाहीस. पुन्हा बघ. हा प्रश्न पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

तुझ्या मैत्रिणीला मात्र हसू नकोस. तिची शंका रास्त आहे. काही ब्रिटल स्टार आपली पिल्लं या बर्सातच वाढवतात. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अँफिफोलिस स्क्वामाटा. चकती जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर, आणि जगभरच्या किनाऱ्यांवर नोंद. हा प्राणी उभयलिंगी असतो. त्याची पिल्लं बर्साच्या भिंतीला चिकटून वाढतात, आईकडून पोषण घेतात आणि पाच इवले हात फुटल्यावर फटीतून बाहेर रांगतात. दगडाखालचे बारके ब्रिटल स्टार उघडताना आत गोळा दिसला की पहिली शंका पिल्लाचीच घ्यावी.

ती शंका पाच मिनिटांत फिटते, आणि यासाठी महागडं यंत्र लागत नाही. ब्रिटल स्टारचा सांगाडा कॅल्साइटच्या तकटांचा असतो. पिल्लू अगदी लहान असलं तरी त्या तकटांची सुरुवात झालेली असते. दोन पोलरॉइड तुकडे मिळव, तुमच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये असतीलच. एक मायक्रोस्कोपच्या दिव्यावर ठेव, दुसरा आयपीसवर धर आणि मैदान काळंकुट्ट होईपर्यंत वरचा फिरव. आता गाठ मधे ठेवून पाहा. तिच्यात जाळीदार ठिपके तारांगणासारखे चमकले तर ते कॅल्साइट आहे, म्हणजे पिल्लू आहे, आणि पेढे मैत्रिणीला द्यायचे. अगदी कोवळ्या भ्रूणात तकटं धरलेली नसतात, तेव्हा नुसत्या अंधारावर निकाल देऊ नकोस. पण राजगिऱ्याएवढ्या गाठीत काहीच चमकलं नाही, तर पारडं परजीवीकडे झुकतं.

आता पायांचं. इथे मला तुला समुद्रावरून उचलून पैठणला न्यावं लागेल.

नाथसागरावर मासे तपासायला आम्ही पहाटे जायचो. भोई मंडळी जाळी काढून येईपर्यंत काठावर चहा व्हायचा. एकदा एक मामा टोपलीतून कटला उचलून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, याला दोरे फुटलेत बघा." खरंच, पाठीच्या परांच्या मुळाशी खवल्यांतून सुतासारखे तीन-चार दोरे बाहेर लोंबत होते. जिथून निघत होते तिथे लाल वण. दोऱ्याच्या टोकाला हिरवट-पांढऱ्या दोन लांबट पिशव्या. मामांनी चिमटीत धरून एक ओढला, तो मधेच तुटला. मी भोवतालचं मांस ब्लेडने सैल करून दुसरा अख्खा काढला. आत रुतलेल्या टोकाला फांद्या फुटलेल्या, नांगरासारख्या. हा लर्निया. मत्स्यबीज केंद्रांवर याला अँकर वर्म म्हणतात, आणि त्या "वर्म" शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या पोरं फसतात. तो जंत नाही. कोपेपॉड आहे, म्हणजे खेकड्या-कोळंबीच्या खानदानातला.

मामांना हे पटेना. मी वॉचग्लासमध्ये तलावाचं पाणी घेतलं, त्या पिशव्या तोडून त्यात ठेवल्या आणि घरी आणल्या. उन्हाळा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर पाण्यात ठिपके टुणटुण उड्या मारत होते. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक ठिपक्याला तीन जोड्या पाय आणि कपाळावर एकच तांबडा डोळा. नॉप्लियस! कुठल्याही क्रस्टेशियनचं बाळ म्हणून पुस्तकात जे चित्र असतं, हुबेहूब तेच. पुढच्या खेपेला ती काच मी पैठणला नेऊन मामांना भिंगातून दाखवली. बराच वेळ डोळा लावून पाहिल्यावर ते म्हणाले, "पोरगं आईवर गेलंच नाही की."

एवढं एक वाक्य धरून ठेव. पाय बाळपणी कामाचे होते, आईला त्यांचा उपयोग उरला नाही. लर्नियाची पिल्लं पाण्यात पोहतात, काही वेळा कात टाकतात, मग माशाला धरतात. समागमानंतर नर मरून जातो. मादी माशाच्या अंगात डोकं खुपसते आणि तिथून पुढे तिची वाढ म्हणजे नुसती लांबी, नांगर आणि अंडी. तिचे पाय गळून पडत नाहीत, ते होते तेवढेच राहतात आणि अंग मात्र कितीतरी पटींनी ताणलं जातं. त्या लांब दोरावर मूळचे पाय कुठेतरी खुंटासारखे उरलेले असतात, भिंग लावून शोधले तर सापडतातही. ज्याला कुठे जायचं नाही, कुणाला पकडायचं नाही, त्याने पाय सांभाळून करायचं काय?

तुमचे लॅब असिस्टंट चुकले असतील, पण चांगल्या संगतीत चुकलेत. लिनियसने १७५८ साली लर्नियाला कृमींच्याच घरात बसवलं होतं, आणि खडकांना चिकटून बसणाऱ्या कवचवाल्या बार्नॅकलला शिंपल्या-शंखांच्या शेजारी. १८३० मध्ये जॉन वॉन थॉम्प्सन यांनी बार्नॅकलची पोहणारी पिल्लं पाहिली आणि हे तर क्रस्टेशियन आहेत असं ठणकावून सांगितलं. १८३२ मध्ये नॉर्डमान यांनी माशांवरच्या लर्नियासारख्या परजीवींची पिल्लं तपासली आणि तोच निकाल तिथेही लागला. दोघांनी मोठ्या प्राण्याकडे पाहत बसण्याऐवजी त्याची अंडी फुटायची वाट पाहिली. तुझ्या गाठीला चिकटलेले ते दोन पांढरट पुंजके म्हणूनच मला गाठीपेक्षा मोलाचे वाटतात. पोलरॉइडखाली गाठ काळीच राहिली, तर त्या अंड्यांच्या पिशव्या असण्याची शक्यता बरीच आहे. एखाद्या अंड्यात पिल्लू तयार झालेलं असेल तर पिशवी काचेवर हळूच दाबल्यावर कवचातून तांबडा ठिपका आणि पायांच्या तीन जोड्या दिसू शकतात. अल्कोहोलमध्ये डोळ्याचा रंग उडतो, पाय मात्र राहतात.

इथे एक फाटा फोडतो, कारण आपल्याकडे ही गल्लत रोजची आहे. शेततळ्यात मासे पाळणारे लोक माशांच्या "उवा" म्हणून ज्या दाखवतात त्या अर्ग्युलस. चपट्या, गोल, खालून दोन चूषकांनी चिकटलेल्या आणि माशावर सरसर पळणाऱ्या. त्याही क्रस्टेशियन, पण कोपेपॉड नव्हेत, आणि अंड्यांच्या पिशव्या घेऊन हिंडत नाहीत. अंडी दगडावर, तळ्याच्या कडेला चिकटवतात. म्हणजे पिशवी दिसली की उवा बाद. गंमत पुढेच आहे. या उवांचे जवळचे नातेवाईक कोण, तर कुत्र्याच्या नाकात राहणारा जिभेच्या आकाराचा लिंग्वाट्युला! परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजातल्या पोरांना तो जंतांच्या तासात भेटतो. १९७२ मध्ये शुक्राणूंच्या रचनेवरून आणि १९८९ मध्ये आरएनएवरून हे नातं उघडकीला आलं. आकारावरून जात ठरवायची नाही असं का म्हणतात, ते यावरून बघ.

आता तुझ्या ब्रिटल स्टारकडे.

त्याच्या बर्सात राहणाऱ्या कोपेपॉडांत बराच अभ्यासलेला म्हणजे पॅराकॉर्ड्यूमियम अँफियुरी, यजमान तोच, अँफिफोलिस स्क्वामाटा. १९०६ साली फ्रान्सच्या एरुआर यांनी याचं वर्णन केलं तेव्हा त्याला फिलिक्थिस या वंशात टाकलं. हा वंश माशांच्या अंगातल्या नलिकांत राहणाऱ्या कोपेपॉडांचा! अंग फुगलेलं, पाय नावाला, वेगळी ओळख सांगणारं फारसं काही दिसत नाही, मग मोठी माणसंही अशी घसरतात. पुढे त्याचं नाव एकदा नव्हे, जास्त वेळा बदललं. जुन्या लिखाणात तो अँफियुरोफायलस म्हणून सापडेल. शोधताना ही नावंही टाक, नाहीतर अर्धं वाङ्‌मय हुकेल. यातली मादी बर्सात बसते आणि यजमानाची ऊती तिच्याभोवती वाढून गाठ तयार होते. आपल्याकडे पानांवर कीटकांमुळे गाठी येतात ना, तसलाच प्रकार: गाठ पानाची, मुक्काम किड्याचा. त्यामुळे तू काढलेल्या गुलाबी गोळ्याचं बाहेरचं आवरण ब्रिटल स्टारचं आणि आतला ऐवज परक्याचा, असंही असू शकेल. सुईने आवरणाचा एक कोपरा अलगद सोलून पाहा. घाई नको. आत मादीच्या जवळपास तिच्यापेक्षा कितीतरी बारका, पायांनिशी शाबूत असा एखादा जीव दिसला तर तो नर समज. कित्येक परजीवी कोपेपॉडांत ओळख पटवायला नराचाच आधार होतो, कारण त्याने अंगकाठी बिघडवलेली नसते.

याच ब्रिटल स्टारवर आणखी एक कोपेपॉड असतो, कॅन्सरिला ट्युब्युलाटा. १८५१ पासून माहीत असलेला. पण तो बाहेर, हातांच्या मुळाशी चिकटून बसतो आणि बऱ्यापैकी कोपेपॉडासारखाच दिसतो. आत-बाहेर राहण्याचा अंगावर काय परिणाम होतो हे पाहायचं तर एकाच यजमानावरचे हे दोघे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. उघड्यावरच्याला लाटांत टिकून राहायला अवयव लागतात. खोलीत बसलेल्याला त्यांची गरज उरत नाही.

बर्सात राहणारे सगळेच कोपेपॉड नसतात. अ‍ॅस्कोथोरॅसिडा म्हणून एक गट आहे, बार्नॅकलच्या भाऊबंदांतला. त्यातला अ‍ॅस्कोथोरॅक्स हा वंश ब्रिटल स्टारच्या बर्सात राहतो. अ‍ॅस्कोथोरॅक्स ऑफिओक्टेनिस ही जाती १९१४ मध्ये वर्णिली गेली, उत्तर ध्रुवाकडच्या थंड पाण्यातल्या ऑफिओक्टेन सेरिसियममधून. यांच्या अंगावर शिंपल्यासारखी दोन पाकळ्यांची झूल असते. त्या झुलीच्या आत अंडी सांभाळली जातात आणि इवला नर मादीच्या सोबतीने राहतो. तुझ्या गाठीला पुंजके बाहेरून लटकलेले आहेत, म्हणून मला हा गट कमी संभवनीय वाटतो. पण सोलल्यावर दोन पाकळ्या निघाल्या तर माझं ऐकू नकोस, डोळ्यांचं ऐक.

मघाशी बर्सा की जठर असं विचारलं, त्याचं कारण आता सांगतो. या सगळ्या विषयात माझ्या दृष्टीने सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट हीच आहे.

आतापर्यंत आपण घोकलं काय? बाळ मोकळं, आई परजीवी. १९१३ मध्ये नॉर्वेच्या सार्स यांनी समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या एका विचित्र कोपेपॉडाचं वर्णन केलं आणि नाव दिलं थॉमाटोप्सिलस पॅराडॉक्सस. नावातच कोडं. प्रौढ प्राणी प्लवकांच्या जाळीत सापडायचा, पण तो आपलं बाळपण कुठे काढतो याचा पत्ता नव्हता. पन्नासेक वर्षांनी ब्रिटल स्टारच्या जठरात नॉप्लियस सापडले आणि मग दोन टोकं जुळली. २००३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत चिखलात राहणाऱ्या अँफिओडिया अर्टिका या ब्रिटल स्टारमधून याच कुळातली नवी जाती वर्णिली गेली, कॅरिबिओप्सिलस अँफिओडी. तिचं सगळं उलटं आहे. नॉप्लियस ब्रिटल स्टारच्या जठरात राहतो, तिथेच खातो, तिथेच मोठा होतो. वाढ पुरी झाली की यजमानाला सोडून मोकळ्या पाण्यात येतो. प्रौढपणी तो काही खातच नाही! पोहायचं, जोडीदार शोधायचा, अंडी द्यायची आणि संपायचं. लग्नकार्यापुरता बाहेर पडलेला जीव म्हण हवं तर.

म्हणजे जठरात तुला तीन जोड्या पायांचा जीव सापडला तर तो कुणाचं तरी चुकून गिळलं गेलेलं बाळ आहे असं समजून टाकून देऊ नकोस. आणि तुझी गाठ बर्सातली असेल तर हा मुद्दा बाद, कारण यांना तिथे गाठ करून अंडी लटकवायचं काही कामच नसतं.

यजमानाचं काय होतं, हे तू विचारलं नाहीस, पण तोंडी परीक्षेत नक्की विचारतील. बर्सातला परजीवी सहसा ब्रिटल स्टारला मारत नाही. तो त्याची वीण खातो. खोली अडवली की तिथे पिल्लांना जागा नाही, आणि भिंतीपलीकडच्या जननग्रंथीची वाढही खुंटू शकते. याला परजीवीजन्य खच्चीकरण म्हणतात. ही कल्पना मांडणारे फ्रान्सचे जिआर. आणि याच जिआर यांनी १८७७ मध्ये अँफिफोलिसमधूनच र्‍होपाल्युरा ऑफिओकोमी नावाचा जीव शोधला. तो क्रस्टेशियन नव्हे. सूक्ष्म, केसाळ, ऑर्थोनेक्टिड गटातला. तो शरीराच्या पोकळीच्या बाजूने असतो आणि यजमानाचा बीजांडकोश नासवतो. म्हणून नुसती "जननग्रंथी दिसत नाही" एवढ्यावरून कोपेपॉडाला फाशी देऊ नये. गुन्हेगार दुसराही असू शकतो. पैसा-पाण्याच्या हिशेबाने पाहिलं तर यजमान जिवंत ठेवणं परजीवीला परवडतं. पिल्लांवर खर्च व्हायची ती सगळी शिदोरी त्याच्या पदरात पडते, आणि घर शाबूत राहतं.

आता तू म्हणशील की मराठवाड्यात बसून या समुद्री कोपेपॉडांशी आपला काय संबंध. तुझ्या आजीला विचार. बारवेचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं हे तिने पाहिलेलं असेल. कशासाठी? नारूसाठी. नारूचं पिल्लू पाण्यातल्या सायक्लॉप्सच्या पोटात असतं, आणि सायक्लॉप्स म्हणजे कोपेपॉडच, कपाळावर एकच डोळा असलेला. तो पाण्याबरोबर गिळला की साधारण वर्षाने पायातून हातभर जंत निघायचा. महाराष्ट्रही त्या रोगाच्या राज्यांत होता. पायऱ्यांच्या विहिरींत लोक उतरून पाणी भरत, नारूचा पाय पाण्यात बुडे आणि चक्र पुन्हा फिरे. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तिथे कोपेपॉड यजमान होता, तुझ्या बरणीत तो पाहुणा आहे. फडक्याने जो अडला तोच गट तू सुईने सोलते आहेस.

आता माझी फजिती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पोरांना घेऊन कोकणात गेलो होतो. दगडाखालून तीसेक ब्रिटल स्टार गोळा केले. उत्साहाच्या भरात सगळे एका बरणीत, वरून साधं फॉर्मेलिन. आधीच अर्ध्यांनी हात तोडून टाकले होते, नावातच ठिसूळपण आहे ना. त्यातल्या दोघातिघांच्या चकत्या एका बाजूला फुगलेल्या होत्या. मी म्हटलं गाभण असतील. सहा महिन्यांनी बरणी उघडली तर तळाशी नुसता भुगा. फॉर्मेलिन पडून पडून आंबट होतं आणि कॅल्साइट खाऊन टाकतं. ज्या खोलीत काय होतं ते बघायचं, ती खोलीच विरघळून गेली. ते फुगवटे आजही माझ्या डोळ्यांसमोर येतात.

म्हणून पुढच्या खेपेला असं कर. जीव आधी गुंगवायचा. लिटरभर गोड्या पाण्यात सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड विरघळव, त्यात समुद्राच्या पाण्यातून आणलेला ब्रिटल स्टार ठेव आणि तासभर विसरून जा. हात गळणार नाहीत. मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, आणि डीएनए करायचा विचार असेल तर काही नग पंच्याण्णव टक्क्यांत. एका नळीत एकच. सगळे एकत्र टाकलेस आणि परजीवी फटीतून बाहेर पडून तळाला गेला, तर तो कुणाच्या घरचा ते कधीच कळणार नाही. हे मी माशांच्या बाबतीत दोनदा भोगलंय. सागरी काकडी मात्र दिसली तरी उचलू नका. तीही ब्रिटल स्टारचीच नातेवाईक, पण वन्यजीव कायद्यात तिला संरक्षण आहे. हौसेखातर पोरं अडचणीत येतात.

जी गाठ हातात आहे तिचं आजच करायचं ते इतकंच. पूर्ण सोलू नकोस. आधी मोजपट्टी शेजारी ठेवून तिन्ही बाजूंनी फोटो घे. कोणत्या हातालगतच्या बर्सात होती ते चित्र काढून खूण कर, आणि उरलेल्या नऊ पिशव्या रिकाम्या आहेत का, त्यात पिल्लं आहेत का, हेही बघ. एका पिशवीत परजीवी आणि शेजारच्या पिशवीत धडधाकट पिल्लं, अशी जोडी मिळाली तर तो फोटो गाठीइतकाच बोलका असेल. मग एक पुंजका तोडून पोकळ काचपट्टीवर लॅक्टिक अ‍ॅसिडच्या थेंबात ठेव. तासाभरात तो पारदर्शक होतो आणि आतले पाय मोजता येतात. दुसरा पुंजका गाठीला तसाच राहू दे. ज्या तज्ज्ञाकडे नमुना जाईल त्याला तो जोडलेला हवा असतो. खुद्द ब्रिटल स्टारही जपून ठेव, कारण यजमानाची जात ठरल्याशिवाय आतल्याची चर्चा पुढे सरकतच नाही. उघडताना चकतीवरचे खवले आणि हातावरचे काटे तुटले असतील तर तुटलेलेही त्याच नळीत टाक.

आणि चिठ्ठी. जाड कागदाचा तुकडा घे, त्यावर ठिकाण, तारीख, ओहोटीची वेळ, दगडाखाली की स्पंजात, आणि काढणाऱ्याचं नाव लिही. ती नळीच्या आत टाकायची, बाहेर चिकटवायची नाही. पेनने लिहिलंस तर अल्कोहोलमध्ये शाई महिन्याभरात धुऊन जाईल, शिसपेन्सिलने लिही.